पोरगी बोकडासाठी रडली आणि घरातलं जेवणच बिघडलं

नमस्कार मावशी,
आम्ही नवी मुंबईतल्या घणसोली गावातले, आगरी. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग झाली, खालचे दोन मजले आमचे आहेत. माझी मुलगी यंदा दहावीला. एप्रिलमध्ये गावदेवीच्या जत्रेला मोठ्या दिरांचा नवस होता म्हणून देवनारहून बोकड आणला, तो जत्रेआधी पंधरा-वीस दिवस आमच्या जिन्यामागे बांधला होता. पोरीने त्याचं नाव सोन्या ठेवलं, क्लासवरून आली की आधी त्याच्याकडे जायची. जत्रेच्या दिवशी दार लावून बसली, आणि तेव्हापासून मटण, चिकन, मासे, अंडं सगळं बंद. दूध-दही तेवढं घेते. मिस्टर म्हणतात नाटकं आहेत, मोबाईलचा परिणाम. सासूबाई पूर्वी मासळी विकायच्या, त्यांनी काळजीपोटी एकदा तिच्या बटाट्याच्या भाजीत मटणाचा रस्सा घातला, तिला एका घासात कळलं. ताट सरकवून आजीला म्हणाली तुम्ही सगळे खुनी आहात. सासूबाई रडल्या, म्हणाल्या "ज्या म्हावऱ्यावर चार पोरा मोठी केली ता आता पाप झायला का." दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. आमच्या कुत्र्याचा, ब्रूनोचा वाढदिवस आम्ही केक कापून करतो, ती म्हणते मग सोन्याचा का नाही. मागच्या वर्षी तिच्या फ्लेमिंगोच्या चित्राला शाळेत पहिला नंबर आला तेव्हा ह्याच मिस्टरांनी स्टेटस ठेवलं होतं. डिसेंबरात पुतण्याची हळद आहे, तिथे ही काय करेल याची मला आत्तापासून धास्ती. मिस्टर म्हणतात माणूस आणि जनावर एक आहे का, सांग तुझ्या पोरीला. मला उत्तर देता येत नाही. सासूबाई सांगतात की शहर वसवायला सिडकोने जमीन घेतली तेव्हा दारातली बैलजोडी विकावी लागली आणि सासरे दोन दिवस जेवले नव्हते. हे का लिहिलं माहीत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.
एक आई

*

ताई,

आधी रश्श्याचं बोलते, कारण बोकडापेक्षा मला ते जास्त लागलं. सासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं हे दिसतंच आहे, दहावीचं वर्ष, पोर सुकतेय, चार घास अंगाला लागावेत एवढंच असणार, आजीचा जीव तो. पण पंधरा वर्षांच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट स्वतःहून ठरवली आणि ती तिच्याच ताटात, तिच्याच माणसाने, तिला न सांगता मोडली. उद्या ती परत मासे खायला लागली तरी हे विसरणार नाही. म्हणून आज संध्याकाळी पहिलं काम हे करा, तुम्ही स्वतः तिच्याजवळ बसा आणि सांगा की या घरात तुझ्या ताटात तुला न सांगता काही पडणार नाही, माझा शब्द. सासूबाईंना माफी मागायला लावू नका, त्यांच्या वयाला ते फार जड जाईल आणि पोरीलाही बरं वाटणार नाही. स्वयंपाकघर तुमच्या हातात आहे तेव्हा शब्दही तुम्हीच द्या. आणि एक कढई आणि एक पळी तिच्यासाठी वेगळी काढून ठेवा. दुकानातून नवी आणायची पण गरज नाही, घरातलीच एक ठरवून टाका, पण ठरवलेली पाळा.

आता मिस्टरांचा "नाटक" हा शब्द. मी तीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे, आधी सरकारी दवाखान्यात होते आणि मग ठाण्यात माझा स्वतःचा दवाखाना, आणि जनावरासाठी रडणारी माणसं मी इतकी बघितलीयेत की नाटक कुठलं आणि खरं कुठलं ते मला दारातून आत येतानाच कळतं. नाटक करणारं माणूस बघणारं कोणी असेल तोवर करतं. तुमची मुलगी दार लावून बसली होती, आणि एप्रिलपासून आजपर्यंत घराच्या विरोधात जाऊन रोज दोन वेळा तिने ते पाळलंय. आगरी घरात. मासळीचा वास जिन्यापर्यंत येतो अशा घरात. हे नाटक असेल तर मग नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालणाऱ्या बायकांना आपण काय म्हणायचं.

आणि ते फ्लेमिंगोचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले होते तेव्हा सगळ्या नवी मुंबईला हळहळ वाटली होती, ग्रुपवर फोटो फिरत होते, आणि ती हळहळ खरीच होती. ठाण्याच्या खाडीचं अभयारण्य झालं, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत खाडी आली, आपण पाहुण्यांना पाम बीच रोडवरून नेताना कौतुकाने बोट दाखवतो. त्या पक्ष्याचं चित्र काढलं तर पोरगी हळवी, गुणी, हुशार. आणि जिन्यामागे बांधलेल्या, तिच्या हातून पाला खाल्लेल्या, तिच्या पावलांचा आवाज ओळखून ओरडणाऱ्या बोकडासाठी रडली तर मोबाईलचा परिणाम. असं कसं होईल हो? मन तर तेच आहे ना तिचं. फक्त पहिल्या वेळी आपल्याला काही सोडावं लागत नव्हतं.

मिस्टरांच्या प्रश्नाला उत्तर देते, आणि हे त्यांना वाचून दाखवा. माणूस आणि जनावर एक आहे का? माझं उत्तर नाही असं आहे. घराला आग लागली तर मी आधी पोर उचलेन, मग वेळ मिळाला तर मांजर. यात मला कसला संकोच नाही. पण असं बघा, माझ्या पोराला ताप आला आणि त्याच रात्री शेजारच्या पोरालाही आला तर मी आधी माझ्याच पोराकडे धावणार, यावरून मला कोणी नावं ठेवणार नाही. म्हणून काय शेजारच्या पोराचा ताप खोटा होतो का? पहिला नंबर कोणाचा हा एक प्रश्न झाला आणि दुसऱ्याचं दुखणं हिशोबात धरायचंच नाही हा पूर्ण वेगळा प्रश्न झाला, आणि आपल्या घराघरात काय होतं की पहिल्याचं उत्तर देऊन आपण दुसरा पण मिटला असं समजतो. तुमची मुलगी बोकडाला माणूस करा म्हणत नाहीये. तिचं म्हणणं एवढंच दिसतंय की त्याला दुखलं ते धरा.

आणि दुखतं का, तर दुखतं. ज्या मेलॉक्सिकॅमच्या गोळीने माणसाची गुडघेदुखी कमी होते तेच औषध मी लंगडणाऱ्या बैलाला टोचते आणि दुसऱ्या दिवशी तो पाय टेकतो. शरीराच्या आतली वेदनेची वायरिंग सारखी नसती तर हे झालं असतं का? २०१२ साली केंब्रिजला मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी लेखी जाहीर केलं की जाणीव असायला जी यंत्रणा मेंदूत लागते ती फक्त माणसाकडे नाहीये, सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्याकडेही आहे. माशाचं आपल्याला नेहमी वाटतं की त्याला काय कळतंय, तर २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठाला आम्ल टोचून बघितलं होतं तेव्हा ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले आणि त्यांनी बराच वेळ खाणं सोडलं. दुखलेलं लेकरू जे करतं तेच.

मग हमखास पुढचा मुद्दा येतो की वाघ-बिबट्या खातातच ना. खातात. २०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या ठाण्यात समतानगरला मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, पुढे जवळच्या एका हॉटेलच्या बेसमेंटमध्ये सापडला, त्याला बेशुद्ध करून उचलून नेला. येऊरच्या जंगलाच्या बाजूला बिबटे गल्लीतली कुत्री उचलतात. त्याच्यावर कोणी रागावत नाही कारण त्याच्यापुढे दुसरं ताट नाही आणि ताटाविषयी विचार करण्याची सोयही नाही. आपल्याकडे दोन्ही आहे. आणि झाडाला पण जीव असतो म्हणणाऱ्यांना सांगा की झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि दोन किलोची एक कोंबडी तयार व्हायला तीन किलोच्या वर मका-सोया खर्ची पडतो, म्हणजे झाडांची काळजी असेल तरी हिशोब पोरीच्याच बाजूने लागतो.

कायद्याचं विचाराल तर आपला कायदा पण या बाबतीत तुमच्या घरासारखाच आहे, एका हाताने गोंजारतो आणि दुसऱ्या हाताने सोडून देतो. घटनेच्या ५१-क कलमात प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्यात जनावराला विनाकारण त्रास होईल अशा पद्धतीने नेणं हाही गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. त्याच कायद्यात धर्माच्या रीतीप्रमाणे कापलं तर तो गुन्हा नाही असंही कलम आहे, म्हणजे दिरांच्या नवसात या कायद्याने काही वावगं नव्हतं हे मुलीला माहीत असू दे. बैलगाडा शर्यतीचं आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंद केली, २०२३ मध्ये राज्याचा बदललेला कायदा त्याच कोर्टाने मान्य केला. मोठमोठ्या न्यायाधीशांना जे एका फटक्यात सुटलं नाही ते तुम्हाला भाजी परतताना सुटलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

आता मला मुलीशी पण बोलायचंय, तिला हा भाग तिचा तिला वाचू दे.

बेटा, आजीला खुनी म्हणालीस ते चुकलं. रागात निघालं हे मान्य, तुझ्याशी फसवणूक झाली होती हेही मान्य, तरी चुकलं. आजी डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला फिरायच्या तेव्हा तुझ्या वडिलांच्या फीचे पैसे त्या पाटीतून आलेत. त्यांच्यापुढे पनीर आणि मासे अशी दोन ताटं कोणी ठेवली नव्हती. तुला जी निवड करता येतेय ती त्यांच्या पायपिटीमुळे करता येतेय, हे आधी मनात धर आणि मग बोल.

आणि अजून एक सांगते, जे ऐकून तुला त्रास होईल, पण तू विचार करणारी आहेस म्हणून सांगते. नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं, मला एका तबेल्यात बोलावलं होतं, म्हैस पान्हा सोडत नव्हती. तिचं रेडकू चार दिवसांपूर्वी मेलं होतं. तबेल्यात नराचा उपयोग नाही म्हणून त्याला पुरेसं दूध मिळत नाही, मरतं बऱ्याचदा, आणि कोणाला आश्चर्य वाटत नाही. मी पोचायच्या आत गवळ्याने त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे आणून ठेवलं होतं. पाय नाहीत, डोळ्यांच्या जागी शिवण, एका बाजूने पेंढा बाहेर आलेला. म्हशीने मान खाली घातली, हुंगलं, आणि चाटायला लागली. मानेपासून पाठीपर्यंत, पुन्हा मानेपासून. आणि पान्हा सुटला. मी हातात सिरिंज घेऊन तशीच उभी, गवळी बादली घेऊन बसला. तो माणूस दुष्ट नव्हता ग, त्याच म्हशीला पावसात ताप आला होता तेव्हा रात्रभर तिच्याजवळ बसलेला मी बघितलाय. पण दूध त्या रीतीने निघालं आणि कोणाच्या तरी चहात गेलं.

तू दूध घेतेस. मीही घेते. तू घेऊ नकोस असं मी आत्ता म्हणत नाहीये, तुझं वाढीचं वय आहे. एवढंच म्हणतेय की या सगळ्यात हात स्वच्छ असलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही, आणि खुनी हा शब्द वापरायचा तर तो फिरत फिरत तुझ्याही दारात येईल. तो शब्द टाक. जे करतेयस ते चालू ठेव.

अजून एक गोष्ट तुझ्या लक्षात आणून देते. सोन्याला सावली होती, दोरी लांब होती, तुझ्या हातचा पाला होता, माणसं अंगावरून हात फिरवत होती. गेला तो वाईट वाटलं, वाटणारच, पण तो जगला तोवर बोकडासारखा जगला. आता तुमच्या सेक्टरमधल्या कुठल्याही चिकनच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभी राहा. पिंजऱ्यात चोच उघडी टाकून धापा टाकणाऱ्या त्या पांढऱ्या कोंबड्या पाच-सहा आठवड्यांची पिल्लं असतात, आवाज ऐक त्यांचा, अजून चिवचिवतात. कोंबडी सुखाने पाच-सात वर्षं जगते. यांचं वजन इतक्या घाईने वाढवलेलं असतं की पायांना झेपत नाही, म्हणून त्या बसलेल्या असतात, छातीची पिसं झिजून लाल कातडी दिसते. गिऱ्हाईक आलं की एकीचे पंख एकमेकांत अडकवून तराजूत ठेवतात, ती हलत पण नाही. आणि हे सगळं बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर. कत्तलखान्याच्या २००१ च्या नियमात लिहिलंय की एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. त्या पिंजऱ्यातल्या एकीलाही नाव नसतं म्हणून त्यांच्यासाठी कोणी दार लावून बसत नाही. मी चिकन सोडलं ते एका उन्हाळ्यात अशाच एका दुकानासमोर रिक्षाची वाट बघताना. मासे मी अजून खाते, कमी केलेत, कोणापासून लपवत नाही.

ताई, परत तुमच्याकडे येते.

हे पोरीचं वागणं आपल्या समाजाबाहेरचं आहे, कुठल्यातरी व्हिडिओतून आलंय असं मिस्टरांना वाटतंय ना, तर त्यांना विचारा की गावात माळकरी किती आहेत. तुमच्या गावात भजनी मंडळ असेलच, हरिपाठ होत असेल, आळंदीची वारी करणारी माणसं असतील. सावळाराम महाराज म्हात्रेंनी आगरी समाजात माळेचं वेड लावलं, डोंबिवलीचं क्रीडासंकुल त्यांच्या नावाने उभं आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की त्या माणसाचं ताट वेगळं होतं, त्याच्यासाठी हळदीत वेगळी पंगत बसते आणि कोणी त्याला नाटकी म्हणत नाही, उलट पाया पडतात. तुमच्या मुलीने हेच माळ घालून केलं असतं तर मिस्टरांनी त्याचं पण स्टेटस ठेवलं असतं. तिने फक्त माळेच्या जागी सोन्याचं नाव घेतलं. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, या गोष्टी आपण पोरांना मांडीवर घेऊन सांगतो. मग एखादं पोर त्या गोष्टी खऱ्या धरून चालायला लागलं की आपण घाबरतो.

हळदीचं टेन्शन अजिबात घेऊ नका. माळकऱ्यांसाठी वेगळा टोप लागतोच, त्यात तिचं होऊन जातंय. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी असेल तर तिच्या ताटाकडे बघून चार जण तेच मागतील. जाऊबाईंच्या कानावर तुम्ही आधीच घाला, मांडवात ऐनवेळी नको, आणि मुलीला सांगा की त्या दिवशी भावाची हळद आहे, तिथे कोणाच्या ताटावर बोलायचं नाही. कोणी तिला डिवचलं तर तिच्या बाजूने तुम्ही बोला. एकच वाक्य पुरे, तिला नाही आवडत, जाऊ दे. पाहुण्यांसमोर तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहिलात हे तिला दिसलं पाहिजे, बाकी कोणी समजून घेतलं नाही तरी चालेल.

पुढचा नवस येईल तेव्हा काय, तर तो दिरांचा आणि देवीचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. आपल्याकडे बोकडाऐवजी कोहळा कापायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, त्यांना पटलं तर तेही करता येईल. नाही पटलं तर निदान पंधरा दिवस घरात बांधून, पोरांना लळा लावून मग नेऊ नका. ते जनावराला पण वाईट आणि पोरांना पण.

खाण्याचं म्हणाल तर घाबरण्यासारखं काही नाही पण दुर्लक्ष पण करू नका. या वयाच्या मुलीला रोज ४५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, ते नुसत्या भात-बटाट्याने व्हायचं नाही. रोज एक वाटी जाड डाळ किंवा वाल-चवळी-मटकी, दही, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या नाहीतर पनीर. नाचणीची भाकरी घाला मधून. पाळी सुरू झालेल्या मुलींना लोहाचा प्रश्न असतोच म्हणून पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळायला शिकवा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, त्याने लोह अंगाला लागत नाही. आणि एकदा हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, मासळी बंद केली की बी-१२ कमी पडू शकतं, दूध-दही घेतेय तोवर बराच आधार आहे पण तपासलेलं बरं. कमी निघालं तर डॉक्टर गोळी देतील, ते "बघ, म्हणून सांगत होते" असं म्हणायचं कारण करू नका.

आणि तुमच्या बाकीच्यांच्या ताटाचं काय? तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते कारण मला त्याची कळकळ आहे. सगळ्या घराने सोडा असं मी म्हणणार नाही, सांगून कोणी सोडत नाही. पण चिंबोऱ्या तुमच्याकडे जिवंतच येत असतील आणि तशाच हालत्या डेंगे मोडून टोपात जात असतील, माझ्या आईकडे पण तसंच होतं. २०१३ मध्ये खेकड्यांवर एक प्रयोग झाला, ज्या बिळात विजेचा झटका बसतो ते बीळ अंधारं आणि हवंहवंसं असूनही ते सोडून द्यायला शिकले. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे आणि शेवंडींना पण जाणीव असलेल्या प्राण्यांत धरलंय. तर एवढं करा, आणल्या की आधी घमेल्यात भरपूर बर्फ घालून त्यात ठेवा, चांगल्या गार पडून हलायच्या थांबू देत, मग एका घावात काम करा, जिवंतपणी डेंगे मोडू नका. चवीत काही फरक पडत नाही. चिकनला महिन्यातले चार रविवार जात असतील तर एक कमी करा. मिस्टर म्हणतील आपल्या एका रविवाराने काय होणार. त्यांना सांगा, वर्षाला दहा-बारा कोंबड्या होतात, त्या दहा-बारांना सगळंच होतं.

ब्रूनोचा केक बंद करू नका हं. मुलगी त्याच्यावर बोट ठेवते ते तुम्हाला टोचतंय पण त्या केकमुळेच तिला कळलंय की जनावरावर माणसासारखी माया करता येते, ते तुमच्याकडूनच शिकलीये ती.

आता ती बैलजोडी. तुम्ही लिहिलंत की हे का लिहिलं माहीत नाही. ताई, अख्ख्या पत्रात मला तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ज्या माणसाची जमीन गेली, जो सगळा संसार नव्याने मांडायला बसला होता, त्याच्या डोक्यावर त्या वेळी काय काय चिंता असतील, आणि तो माणूस बैल गेले म्हणून दोन दिवस जेवला नाही. त्या वेळी घरात कोणी त्याला नाटक म्हणालं नसेल. ताट झाकून ठेवलं असेल आणि बायका दबक्या आवाजात बोलल्या असतील. मिस्टरांना हे माहीत आहे का? मला वाटतं अर्धवट माहीत असेल, कारण पुरुष माणसं आपल्या बापाच्या रडण्याची गोष्ट एकमेकांना सांगत नाहीत. पोरीला तर नक्कीच माहीत नसणार. ती समजतेय की या घरात आपण एकटीच अशी निघालो. आणि सासूबाई समजतायत की नात आपल्याला पापी ठरवून आपल्यापासून लांब गेली.

तर एक दिवस दुपारी, मिस्टर घरी असतील तेव्हाच, सासूबाईंना म्हणावं ते बैल विकले त्या दिवसाचं सांगा. कुठल्या बाजारात नेले, कोण घेऊन गेलं, दावं कोणी सोडलं, जाताना मागे वळून बघितलं का त्यांनी. मुलीला काही समजावून सांगू नका, फक्त तिथे बसू द्या. आणि बैलांची नावं काय होती तेवढं विचारून मला नक्की कळवा.

तुमची
डॉक्टर मावशी